गाडीखालचा कोरा कागद

एंजिनातलं तेल दोनच वाटांनी जातं. एक तर ते आत जळतं, नाहीतर बाहेर गळतं. हुबळीच्या गॅरेजात मी हे गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की बरोबरचे लोक माझी नक्कल करत. कमरेवर हात, मान जरा तिरकी, आणि "साहेब, तिसरी वाट नाही." नक्कल चांगली जमे. मीही हसत असे.

एका गाडीच्या बाबतीत मी त्या दोन वाटांतली चुकीची निवडली. चूक कुणाचीही होते. ती कळल्यानंतरचा एक दिवस मी कसा घालवला, ते मात्र आजवर कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. एकदा सांगायला गेलो होतो. तेही निम्मंच झालं.

मी धारवाडच्या मळमड्डीतल्या एका मास्तरांचा मुलगा. मुलानं कचेरीत चिकटावं म्हणून वडिलांनी मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि मी जाऊन मोटारींना चिकटलो. बारा मैलांवर हुबळीला एका गॅरेजात राहिलो. इंग्रजी वाचता येत होतं, त्यामुळं गाड्यांबरोबर येणारी पुस्तकं मी वाचायचो आणि त्यातलं अधूनमधून लोकांना ऐकवायचो. हळूहळू माझं नाव झालं. मास्तरांचा मुलगा नुसता आवाज ऐकून गाडीचा रोग सांगतो, असं बेळगाव-गदगकडचे ड्रायव्हरसुद्धा बोलू लागले. या नावाचा मला भारी सोस होता. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून हे आधी सांगतो.

गॅरेजात माझ्यावर एक म्हातारा मिस्त्री होता. त्याला सगळे अज्जा म्हणत. अक्षरओळख नव्हती. बोलायचा कानडीत, मराठी सगळं कळायचं, आणि टोमणा मारायचा असला की मुद्दाम मराठीत मारायचा. मला तो मास्तर म्हणे.

ती गाडी म्हणजे पहिल्या महायुद्धातली लष्करी ॲम्ब्युलन्स. बेळगावच्या छावणीत लिलावाला निघाली, तेव्हा धारवाडच्या एका पेन्शनर ओव्हरसियर रावसाहेबांनी घेतली आणि जुन्या हुबळीतल्या सुताराकडून तिच्यावर सागवानी खोली बांधून घेतली. आत एका अंगाला खाट, दुसऱ्या अंगाला झोपता येईल एवढी लांब पेटी, कोपऱ्यात स्टोव्ह, वर डब्यांची फळी, आणि खाटेशी एक सरकत्या काचेची खिडकी. चालकाची जागा पुढं, वेगळी, मधे भिंत. त्या भिंतीतून एक दोरी पुढं नेलेली होती. आतून ओढली की चालकाच्या कानाशी पितळी घंटा वाजे. मागची दोन दारं तेवढी ॲम्ब्युलन्सचीच ठेवली होती. त्यांना हिरवा रंग दिला होता, पण कलत्या उन्हात पाहिलं की रंगाखालची तांबडी फुली वर दिसायची. गॅरेजातली माणसं त्या दारांकडं पाठ करून जेवायला बसत नसत. असं कुणी ठरवलं नव्हतं.

हा खटाटोप रावसाहेबांनी बायकोसाठी केला होता. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांना दमा होता. धारवाडचा पावसाळा आणि त्यामागून येणारी थंडी त्यांना सोसत नसे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून दोघं विजापूरकडच्या कोरड्या मुलखात जात आणि गुढीपाडव्याला परतत. तिकडं भाड्यानं खोली घ्यावी, तर अक्कांचा खोकला ऐकून लोक क्षय समजत आणि दार लावून घेत. म्हणून घरच चाकांवर.

भाद्रपदात रावसाहेब गाडी घेऊन आले. अक्का बरोबर होत्या. त्या वर्षी पावसात त्या पार खंगल्या होत्या. दोन वाक्यं बोलल्या की थांबून श्वास घ्यावा लागे. मी त्यांना खुर्ची दिली. रावसाहेबांनी मला बाजूला नेलं.

"यंदाची थंडी धारवाडात काढली तर ही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत," ते म्हणाले. "दसऱ्याला निघालंच पाहिजे. आणि ही गाडी बघ, शंभर मैलांना गॅलनभर तेल पितेय. वाटेत माळावर एंजिन धरलं, तर हिला घेऊन मी जाऊ कुठं?"

त्यांनी खिशातून वही काढली. जन्मभर कालवे मोजलेला माणूस. दर मुक्कामाला तेलाची काठी काढून पाहिली होती आणि किती बोटं उतरली ते लिहिलं होतं. चढाला इतकं, सपाटीला इतकं. वही वाचताना माझ्या लक्षात यायला हवं होतं की चढ असो, सपाटी असो, तेल सारखंच उतरत होतं. उतरत होतं ते गाडी किती तास चालली त्या हिशेबानं. आत जळत असतं तर चढाला जास्त उतरलं असतं. मी पानं उलटली आणि वही परत दिली.

"तेलाला दोनच वाटा, रावसाहेब," मी म्हटलं. "आधी गळती बघू."

गळती बघायची माझी रीत सोपी होती. रावसाहेबांकडं आराखड्यांचे मोठे पांढरे कागद होते, त्यांतले चार कोरे घेतले. रात्री गाडी सपाट जागी उभी केली, एंजिनाखालून मागच्या चाकांपर्यंत कागद अंथरले, कडांना दगड ठेवले. सकाळी काढले तर कोरे. एक ठिपका नाही. मी ते चौघांसमोर धरून दाखवले.

अज्जा चहा पीत होता. "थंड एंजिन काय गळणार?" तो म्हणाला. "मास्तर, झोपलेल्या पैलवानाला घाम येतो काय? बिसी आगली, आम्याले नोडु." तापू दे, मग बघ.

"अज्जा, कागद समोर आहे."

"कागद तू वाचणार. मला कुठं वाचता येतंय."

लोक हसले. कुणाला हसले ते मला नीट कळलं नाही, आणि म्हणूनच मी हट्टाला पेटलो असेन. गाडी सुरू केली. पहिल्या झटक्याला मागून निळसर धूर आला. उणकलच्या चढावर दुसऱ्याला गाडी चालवायला लावून मी मागच्या पायरीवर उलटा बसून पाहिलं. तिथंही निळी झाक होती. प्लग काढले, तर तिसरा तेलानं ओला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की अशी लक्षणं दिसतात, हे पुस्तकातही होतं आणि अनुभवातही. मी परत येऊन सांगून टाकलं, "रिंगा गेल्यात. तेल आत जळतंय."

अज्जानं मागचा धुराचा नळ हुंगला. "एवढ्याशा धुरात गॅलनभर तेल? आमच्या घरी दूध उतू गेलं तरी याच्याहून जास्त धूर होतो."

"मग कुठं जातं ते सांग."

"खाली बघ म्हणतोय की मघापासून."

मी खाली बघितलं नाही. रावसाहेब, गॅरेजचे मालक आणि गदगचे दोन ड्रायव्हर समोर उभे होते, आणि मी सांगून चुकलो होतो.

निघताना अक्कांनी मला खुणेनं बोलावलं. "एक विचारू? गाडी चालली की आत तळणीचा वास येतो बघ. शिळ्या तेलात कुणी पापड तळतंय असा. उभी राहिली की जातो. त्या वासानं माझं डोकं जड होतं."

"जुनी गाडी आहे अक्का. वास यायचाच."

"तुझ्या वडिलांना वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं, तर बाकावर उभं केलं असतं की रे त्यांनी." त्या हसल्या, हसताना खोकला आला, आणि बराच वेळ थांबेना. रावसाहेब पाणी घेऊन धावले. मी हात पुसत उभा होतो.

गाडीचं निदान त्या बाईनं खुर्चीत बसून केलं होतं. चालली की वास, थांबली की नाही. म्हणजे तेल तापल्यावर गळतंय आणि कशावर तरी पडून करपतंय. एवढं ऐकल्यावर कुणीही मिस्त्री गाडीखाली शिरला असता. मी ते बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

एंजिन उघडलं. आठ दिवस काम चाललं. रिंगा झिजल्या होत्या, खोटं नाही, पण त्या वयाच्या एंजिनाच्या मानानं फार नाही. नव्या बसवल्या. त्यासाठी धुराचा नळ सोडवावा लागला होता. परत जोडताना त्या जोडाचं पॅकिंग ठिसूळ झालेलं दिसलं. तसं नवं मिळालं नाही. जुनंच ठेवून बोल्ट जास्त आवळले.

धारवाडपर्यंत जाऊन-येऊन पाहिलं. धुराची निळी झाक गेली होती. तेल मात्र पुन्हा उतरलं होतं. काठी मी दोनदा पुसून पाहिली.

"नव्या रिंगा आहेत रावसाहेब. बसायला वेळ लागतो. पहिले काही मैल तेल जास्त घेणार."

हे खरं असतं. नव्या रिंगांचं असं होतं, आणि पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. त्यामुळं मला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. रावसाहेबांनी वहीत लिहून घेतलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, कानशी, सगळं घासूनपुसून लाल फडक्यावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. एकदा हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याला संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाड्यांनाही केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी सुरू करून पुढं न्यायची. लिंबं फुटली की झालं.

रावसाहेब पूजेसाठी धारवाडहून गाडी घेऊन आले. अक्का घरी बांधाबांध करत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. बारा मैल पळून गाडी तापलेली होती आणि एंजिन चालूच होतं. लिंबं ठेवायचं काम माझ्याकडं आलं. पुढच्या डाव्या चाकाखाली लिंबू सरकवायला मी गुडघ्यांवर बसलो, मान जमिनीशी नेली आणि सहज आत पाहिलं.

एंजिनाच्या कुशीला, जिथं व्हॉल्व असतात, तिथं त्यांच्यावर एक पत्र्याची पट्टी असते. तिच्या खालच्या कडेनं तेल उतरत होतं. बारीक धार, चकचकीत, थांबून थांबून. ती सरळ धुराच्या नळाच्या जोडावर पडत होती आणि पडली की चर्र होऊन धूर निघत होता. मी ठेवलेलं जुनं पॅकिंग करपून उडालं होतं, आणि त्या फटीतून एंजिनाचा धूरही फुसफुसत होता. जमिनीवर थेंब येतच नव्हता. जे पडत होतं ते नळावर जळून जात होतं. आणि धूर बाजूला जात नव्हता. तो मागं आणि वर ओढला जात होता, खोलीच्या फळ्यांच्या सांध्यांत. त्या फळ्यांवर अक्कांची खाट होती.

"काय मास्तर," वरून अज्जाचा आवाज आला, "लिंबू ठेवतोयस की अंडं घालतोयस?"

लोक हसले. मी उठलो. "ठेवलं," म्हटलं.

रावसाहेबांनी गाडी पुढं घेतली. चारही लिंबं फुटली.

त्या घटकेला बोललो असतो तर काय झालं असतं, हे मी पुढं कित्येक वर्षं मनात मांडून पाहिलं. पट्टीचे बोल्ट आवळायचे, नळाचा जोड सोडून काहीतरी नवं घालायचं. दोन तासांचं काम. हत्यारं पूजेत होती हे खरं. पण त्यामुळं मी गप्प बसलो, असं म्हणायची सोय मला नाही. मी सांगितलं असतं तर अज्जानं माळ बाजूला करून पाना उचलला असता. आधी नमस्कार केला असता, पुटपुटला असता, पण उचलला असता. त्या म्हाताऱ्याला मी ओळखत होतो. पूजेचा मी नुसता आडोसा घेतला. मालकांसमोर, रावसाहेबांसमोर, ज्यांना मी कोरा कागद नाचवून दाखवला होता त्या सगळ्यांसमोर, अज्जा खाली बघ म्हणत होता ते बरोबर होतं, आठ दिवस एंजिन फुकट उघडलं, आणि जोडाचं पॅकिंग मीच बिघडवलं, हे माझ्या तोंडून निघेना. उद्या संध्याकाळी हत्यारं उठली की बघू, असं मनात म्हटलं. उद्या संध्याकाळी गाडी कुठं असणार हे माहीत असूनही.

दसऱ्याला सकाळी दोघं आले. मी तेलाचे दोन डबे पुढं ठेवून दिले आणि दर दहा मैलांना काठी बघा म्हणून सांगितलं.

"अक्कांना पुढं बसवा की, तुमच्या शेजारी," मी म्हटलं. "मोकळी हवा लागेल."

"आणि धूळ? नवलगुंदच्या पुढं काळ्या मातीचा रस्ता. ती आडवीच बरी."

मी एवढंच बोललो. जास्त बोललो असतो तर का म्हणून विचारलं असतं.

अक्कांनी खिडकी सरकवून हात बाहेर काढला. हातात बन्नीची पानं होती. "संध्याकाळी आम्ही पार पुढं गेलेलो असू, म्हणून तुला आत्ताच देते. बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, असं आमच्याकडं दसऱ्याला म्हणतात. मी पानं घेतली, वाकून नमस्कार केला. गाडी सुरू झाली. मागची दारं दूर जाताना ऊन त्यांच्यावर होतं आणि फुली दिसत होती. ती पानं मी सदऱ्याच्या खिशात ठेवली. ती धोब्याकडं गेली.

संध्याकाळी बन्नीची पूजा झाली, हत्यारं उठली. मी पाना हातात घेऊन उगाच उभा होतो. अज्जानं विचारलं, "कुणाची गाडी आहे आता?" कुणाचीच नव्हती.

चौथ्या दिवशी गाडी परत आली. पुढं नरगुंदचा एक अनोळखी माणूस चालवत होता आणि रावसाहेब त्याच्या शेजारी बसले होते. कमरेत वाकून उतरले. नवलगुंद आणि नरगुंदच्या मधे, एका विहिरीपाशी, चहा करायचा म्हणून त्यांनी गाडी थांबवली होती. मागं जाऊन दार वाजवलं. मग उघडलं.

"घंटा वाजली नाही," ते म्हणाले. "एकदासुद्धा नाही. मी कान देऊन होतो. झोपेतच गेली. नरगुंदलाच अग्नी दिला. तिथले डॉक्टर म्हणाले, दम्यानं हृदय थकलं होतं. पण चेहरा इतका चांगला होता बघ. गालांवर गुलाबी रंग. कित्येक वर्षांत असा रंग तिच्या तोंडावर पाहिला नव्हता."

त्यांना त्या रंगाचा आधार वाटत होता. बंद जागेत एंजिनाचा धूर कोंडला तर माणसाला आधी जडपणा येतो, मग झोप, आणि मेल्यावर कातडी तांबूस दिसते, हे गाड्यांच्या पुस्तकांत इशाऱ्याच्या चौकटीत छापलेलं असतं. मी ते वाचलेलं होतं.

"मीच मारलं तिला," रावसाहेब म्हणाले. आवाज अगदी साधा, एखादं माप सांगावं तसा. "नवलगुंद सुटल्यावर धूळ फार उडायला लागली. मी थांबून खिडकी लावली. ती म्हणत होती, उघडी राहू द्या, आत वास येतोय. मी म्हटलं, धुळीनं दम लागेल. तिचं ऐकलं नाही. मीच लावली."

तेव्हा बोलायला हवं होतं. समोर माणूस उभा होता, माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेत होता, आणि एका वाक्यानं त्यातलं निम्मं तरी उतरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "आपल्या हातात काय असतं, रावसाहेब." ते मान हलवत राहिले.

अज्जा गाडीखाली गेला होता. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताचं बोट काळं, तेलकट होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. ते बोट त्यानं माझ्या सदऱ्याला, छातीवर, सावकाश पुसलं आणि हात धुवायला गेला.

पुढच्या खंडेनवमीला हत्यारं मांडताना त्यानं एक पाना पूजेतून बाजूला काढला. पुसून खिडकीच्या चौकटीत ठेवला. मालकांनी विचारलं, हा का राहिला? "ओंदु होरग इरली," अज्जा म्हणाला. एक बाहेर असू दे. त्यानंतर तो जिवंत होता तोवर दरवर्षी एक पाना बाहेर असे. मला त्यानं या विषयावर कधी एक शब्द विचारला नाही. मी त्याच्याकडं पाहायचं टाळत असे, आणि एकाच गॅरेजात हे फार अवघड असतं.

रावसाहेब पुन्हा त्या गाडीत चढले नाहीत. गळती मी कुणाला न सांगता दुरुस्त केली. आता त्या दुरुस्तीचा काही उपयोग नव्हता. गाडी आमच्या मागच्या आवारात पडून राहिली. मी रविवारी मळमड्डीला घरी जायचो तेव्हा वाटेत त्यांचं घर लागायचं. त्याच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असत. पावसात, थंडीत, नेहमी. आतलं पुस्तकांचं कपाट भिजून फुगलं. लोक म्हणत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, खिडकीला कुणी हात लावला तर अंगावर येतो. मला कारण माहीत होतं. मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि जुन्या लोखंडालाही किंमत आली. सांगाडा एका कंत्राटदाराला देऊन टाक, खोली मोडून टाक, असा रावसाहेबांचा निरोप आला. मोडायचं काम मी दुसऱ्याला दिलं नाही. खाट काढली, खालची फळी उचकटली. वरून सागवान पिवळं होतं. उलटी केली तर खालून काळी, तेलानं माखलेली, आणि सांध्याच्या कडेला काजळी वर चढत गेलेली. धुराची वाट जणू कुणी आखून ठेवली होती. तिसरी वाट नाही म्हणणारा मी. तेल गळलंही होतं आणि जळलंही होतं.

अज्जा तोवर गेला होता. दुसरं कुणी ती फळी बघून ओळखणार नव्हतं. मी ती गोणपाटात गुंडाळली आणि धारवाडला गेलो.

दुपार होती. रावसाहेब खुर्चीत घोंगडी पांघरून बसले होते. वारं सगळीकडून येत होतं. फळी मी त्यांच्या गुडघ्यांवर उलटी ठेवली आणि सांगायला लागलो. कागद, रिंगा, पॅकिंग, लिंबू. मला वाटलं होतं त्याहून लवकर संपलं. त्यांनी मधे थांबवलं नाही. काजळीवरून बोट फिरवत राहिले, सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

"थेंब कुठून पडत होता?" त्यांनी विचारलं.

मी जागा सांगितली.

"आणि तू पाहिलंस नवमीला."

"होय."

"आम्ही निघालो दसऱ्याला."

"होय."

त्यांनी फळी सरळ करून पाहिली, पुन्हा उलटी केली. मग फळीवरची नजर न काढता म्हणाले, "एक नीट सांग. तू यातला जाणता आहेस. खिडकी उघडी असती, तर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. जन्मभर मापं घेतलेला माणूस एक माप मागत होता.

"काही फरक पडला नसता," मी म्हटलं. "धूर खालून खाटेशीच येत होता. खिडकी उघडी असो, लावलेली असो, तेच झालं असतं."

"नक्की?"

"नक्की."

हे मला माहीत नव्हतं. आजही नाही. खाटेशीच खिडकी होती, हवा जोराची होती. कदाचित वाचल्या असत्या, निदान दोरीपर्यंत हात गेला असता. मी पाहिलेलं नव्हतं, मोजलेलं नव्हतं, आणि तरी कमरेवर हात ठेवून सांगावं तशा खात्रीनं सांगितलं. या खेपेला ते माझ्या नावासाठी नव्हतं, एवढंच म्हणता येईल. खरं सांगायला गेलो होतो आणि तिथं हे बोलून आलो.

रावसाहेबांनी फळी परत दिली नाही. "ही राहू दे," म्हणाले. "तू जा आता."

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागं काच घासल्याचा आवाज झाला. फुगलेल्या चौकटीत खिडकी बसत नव्हती. ते ती दोन्ही हातांनी दाबत होते. मी परत जाऊन मदत केली नाही. शेवटी ती बसली. मग दुसरीचा आवाज आला.

त्यानंतर ते दोन हिवाळे जगले. खिडक्या लावलेल्या असत. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आलं, असं शेजारी म्हणत. मला त्यांनी पुन्हा घरात बोलावलं नाही, आणि रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवली नाही.